गोळीची तल्लफ आणि माझ्या आत्या

माझ्या आजाराचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते कामगार विम्याच्या हॉस्पिटलात, बायकांच्या वॉर्डात, सकाळच्या राउंडला. डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच असतील. माझ्या खाटेशी उभं राहून त्यांनी माझ्या पतींना सांगितलं, "यांना गोळ्यांचं व्यसन लागलंय."

यशवंत हसले. खरंच हसले.

"व्यसन? हिला? बाई, ही चहासुद्धा दिवसाला एकच कप पिते."

"चहाचं नाही म्हणत मी. त्या पांढऱ्या गोळ्यांचं."

"अहो, पण त्या डॉक्टरांनीच दिल्यात. चिठ्ठी आहे आमच्याकडं."

"म्हणूनच इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही," बाई म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. जागी होते, पण झोपेचं सोंग घेतलं होतं. व्यसन म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गुत्त्याबाहेर पडलेली माणसं यायची. त्यांच्या ओळीत मी? मॅट्रिक पास झालेली, कंपनीत हजेरीला कधी खाडा नसलेली कुसुम?

खाटेच्या पायथ्याशी फरशीवर माझ्या सासूबाई बसल्या होत्या. मी त्यांना आत्या म्हणते. शाळेची पायरी त्या कधी चढल्या नाहीत. त्या उठल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच मुलाला म्हणाल्या, "यशवंता, हसू नगंस. तल्लफ हाय ती. तल्लफ म्हंजी काय, ते मला म्हाईत हाय."

त्या दिवसाला आता सात वर्षं होऊन गेली. त्यानंतर मला पुष्कळ जणांनी मदत केली. पण मला काय झालंय ते सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट कळलं होतं ते आत्यांना. हे लिहायला बसले आहे ते त्यांच्यामुळे. आणि ज्यांच्या घरात एखादी बाई दिवसेंदिवस जास्तच चपळ, जास्तच हुशार होत चालली आहे आणि तरीही काहीतरी बिनसलंय असं वाटतंय, त्यांच्यासाठी.

हुशारी

आम्ही पिंपरीत, रेल्वे लाइनीच्या अलीकडच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहायचो. यशवंत फाउंड्रीत होते. मी विजेचे मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणीला होते. केसाएवढी स्प्रिंग भिंगाखाली धरायची; सरळ असेल तर हिरव्या डब्यात, वाकडी असेल तर लाल डब्यात. आमच्या गल्लीतल्या बौद्ध घरांमधून कंपनीत लागलेली मी पहिली बाई. सकाळी निघाले की ओट्यावरची म्हातारी माणसं "जयभीम, कुसुमताई" म्हणायची. त्या 'ताई'चा मला अभिमान होता, आणि त्याचं ओझंही होतं. आपण कुठं कमी पडलो तर सगळी गल्ली कमी पडली, असं उगाच वाटायचं.

आमची मुलगी प्रज्ञा चार वर्षांची झाली आणि माझं दुसरं बाळ पोटातच गेलं. सहाव्या महिन्यात. त्यानंतर मी फुगत गेले. अंग जड, डोकं जड, सकाळी उठायला नको वाटायचं. भिंगाखाली बघता बघता डुलकी लागायची. रडू येत नव्हतं, हसू येत नव्हतं. नुसती मरगळ.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं. माणूस चांगला होता. आमच्या वस्तीत पावसापाण्यात चालत यायचा. म्हणाले, "रोज सकाळी नाश्त्याआधी एक गोळी घ्या. वजन उतरेल आणि अंगात जरा हुशारी येईल." बाळाबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही काही बोलले नाही.

पहिल्या दिवशी अकरा वाजेपर्यंत मला कळलं की जग किती सोपं आहे. हात आपोआप चालत होते. स्प्रिंग उचल, बघ, टाक. उचल, बघ, टाक. जेवायच्या सुट्टीत भूक नव्हती. घरी जाऊन मी भांडी घासली, ती पुसली, फळी धुतली, मग यशवंतांचे जुने शर्ट काढून त्यांची बटणं लावली. ते म्हणाले, "आज काय दिवाळी आहे का?" मी हसले. कित्येक महिन्यांनी हसले.

खोटं कशाला सांगू, ते दिवस मला अजून आठवतात, आणि गोड आठवतात. कुणी व्यसनी माणसाला रागावून विचारतं, "काय मिळतं रे तुला त्यात?" तर मिळतं. आधी मिळतं, म्हणून तर माणूस अडकतो.

आमचे सुपरवायझर दुसऱ्या लाइनीवरच्या मुलींना माझ्या टेबलाशी आणायचे आणि म्हणायचे, "हात बघा बाईंचे." मला आणखी एक गोळी घेण्यासाठी एवढं पुरेसं होतं. एकाच्या दोन झाल्या. दुपारची एक वेगळी. मग त्या दोन्ही मिळूनही पूर्वीच्या एकीचं काम करेनात. चिठ्ठी घडीवर फाटली, तरी ती दाखवली की गोळ्या मिळायच्या. एका दुकानात तिथला माणूस निरखून बघायला लागला की मी चिंचवडला जायचे, नाहीतर आकुर्डीला.

तोंड कोरडं पडायचं. दात एकमेकांवर घासायचे. डोळा लागायचा नाही. डाव्या हातावर काहीतरी चावतंय असं वाटून मी खाजवत राहायचे, आणि जखमा दिसू नयेत म्हणून भर उन्हात लांब बाह्यांचा ब्लाउज घालायचे. कँटीनमध्ये दोघी बोलताना दिसल्या की त्या माझ्याबद्दलच बोलत आहेत याची खात्री असायची. घरात यशवंतांनी काही विचारलं की मी फाडकन बोलायचे. ते गप्प बसायला शिकले. माझ्या कामाचं एवढं कौतुक होत होतं की त्यांना वाटलं, चूक आपलीच असेल.

तांदूळ

गुरुवारी आमच्याकडे कारखान्यांना सुट्टी. यशवंतांची त्या दिवशी जादा पाळी होती. आत्या तेव्हा आमच्यात राहत नव्हत्या. चाकणजवळच्या गावी त्यांची एक खोली होती आणि चाकणच्या बाजारात त्या कांदा निवडायच्या. महिन्या-दोन महिन्यांनी येऊन नातीला भेटून जायच्या.

त्या गुरुवारी मी सकाळपासून तांदूळ निवडत बसले होते. एक ताट. तेच तांदूळ. त्यात खडा आहे हे मला पक्कं माहीत होतं, तो फक्त सापडत नव्हता. प्रज्ञा दोनदा येऊन म्हणाली, "आई, भूक लागली." तिसऱ्यांदा तिनं ताट ओढलं. मी तिच्या हातावर फटका मारला. तिनं हात मागं घेतला तरी पुन्हा मारला.

दारात आत्या उभ्या होत्या.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. नातीला कडेवर घेतलं, आपल्या गाठोड्यातली भाकरी तिच्या हातात दिली, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसल्या. ताटातले तांदूळ त्यांनी बोटांनी पसरले. जन्मभर कांदा निवडलेली बोटं ती. डाग कुठं आहे ते नजरेआधी त्यांना कळायचं.

"कुसुम, ह्यात खडा न्हाई."

"आहे. तुम्हाला दिसत नाही."

"बरं." त्या म्हणाल्या. वाद घातला नाही. माझा डावा हात धरून बाही वर सरकवली आणि नुसत्या बघत राहिल्या.

मी हात सोडवून उठले. दुपारची गोळी राहिली होती. फळीवरचा डबा उघडला, बाटली तिथं नव्हती. दुसरा डबा, तिसरा. पीठ सांडलं. हळद सांडली.

"काय हुडकतीस?"

"औषध आहे माझं."

"एवढ्या घाईनं?"

बाटली सापडली तेव्हा माझ्या छातीत ढोल वाजत होता, आणि मग घरच्या भिंती एका बाजूला कलल्या. पुढचं मला आठवत नाही. शेजारच्यांनी रिक्षा आणली आणि प्रज्ञाला ठेवून घेतलं. आत्यांनी मला मांडीवर घेऊन विम्याच्या हॉस्पिटलात नेलं. पदराच्या गाठीत ती बाटली बांधून न्यायला त्या विसरल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंनी "काही औषध चालू आहे का?" म्हणून विचारलं तेव्हा शुद्धीवर येता येता मी "नाही" म्हणाले होते. आत्यांनी गाठ सोडून बाटली त्यांच्यापुढे धरली.

पुढे एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "तू डबं उपसत व्हतीस, तवा तुजं त्वांड बघितलं. तंबाकूच्या मिशेरीची डबी घावली न्हाई का माजं त्वांड तसंच व्हतं."

वॉर्ड

गोळी बंद झाल्यावर मी झोपले. पाच-सहा दिवस. अशी झोप मी आयुष्यात कधी झोपले नव्हते. जेवणापुरतं उठवायचे, मी पुढ्यातलं सगळं खायचे आणि पुन्हा आडवी व्हायचे. पहाटे फिनेलचा वास, मग ॲल्युमिनियमच्या किटलीतला चहा, मग काखेत थर्मामीटर. तीनही गोष्टी मला लांबून, पाण्याखालून आल्यासारख्या वाटायच्या.

वॉर्डच्या सिस्टर होत्या फिलोमिना. उंच, काटक, आवाज करडा. पहिल्याच दिवशी माझी सगळी नखं त्यांनी स्वतः कापली. "आता खाजव किती खाजवायचं ते," म्हणाल्या, आणि हातावर मलम लावून पट्टी बांधली. सकाळी झाडणाऱ्या बाईला त्यांनी बजावून ठेवलं होतं, "सात नंबरखालचं शेवटी झाड. तिला झोपू दे." आज विचार करते तर वाटतं, त्या सात नंबरच्या खाटेवर मला औषध म्हणून मुख्यतः मिळाली ती झोपच, आणि ती या बाईने राखली.

झोप संपल्यावर खरी वाईट वेळ आली. काहीच चांगलं वाटेना. चहाला चव नाही, प्रज्ञाची आठवण काढली तरी आत काही हलत नाही. एका सकाळी मी सिस्टरना म्हणाले, "मी मेले असते तर बरं झालं असतं."

त्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला. "नीट ऐक. हे तू नाही बोलत. गोळी गेली ना, तिची जागा रिकामी झाली, ती बोलते. थोड्या दिवसांनी गप्प बसते. पण पुन्हा असं वाटलं तर ताबडतोब मला सांगायचं. मी नसेन तर जी ड्यूटीवर असेल तिला. लाजायचं नाही. कळलं?"

त्या दिवसापासून माझी खाट त्यांच्या टेबलासमोर आली. आत्याही वॉर्डातून हलेनात. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण ते दिवस येतात हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ते येतात, आणि जातात. तेवढे दिवस एकटं राहू नये.

डबी

घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यशवंतांना आणि आत्यांना बसवून सांगितलं. इथं गोळी मिळत नाही म्हणून कुसुम थांबली. खरी परीक्षा घरी. महिनोन् महिने तल्लफ येईल. कुणीतरी सतत बरोबर हवं.

यशवंत हळूच म्हणाले, "बाई, हे बाहेर कुणाला कळायला नको. लोक काय म्हणतील?"

"का रं?" आत्या म्हणाल्या. "चोरी केली का तिनं?"

मग त्या उठल्या. कनवटीची पत्र्याची चपटी डबी काढली. आमच्या भागातल्या बायकांना मिशेरी सांगायला नको. तंबाखू तव्यावर जाळून केलेली काळी पूड, बोटानं हिरड्यांना घासायची. आत्यांना ती नऊ-दहा वर्षांच्या असल्यापासून लागलेली. उठल्या उठल्या, कामाच्या आधी, कामाच्या मधे, जेवल्यावर. मिशेरीशिवाय त्यांनी कधी चूल पेटवली नसेल.

डबी त्यांनी फिलोमिना सिस्टरांच्या हातात दिली.

"हे ठिवा तुमच्यापाशी. म्या मागितली तरी देऊ नगा."

"तुम्ही कशाला सोडताय?" सिस्टरनी विचारलं.

"हिला सोड म्हणायचं, आन् आपुन सकाळच्या पारी बोट चोळत बसायचं? कसं दिसंल ते? दोघी सोडतो. मला बी कळंल तिला काय व्हतंय."

डॉक्टरीणबाईंनी आत्यांकडे जशा नजरेनं बघितलं, तसं मोठ्या डॉक्टरांकडे बघतात. मी खाटेवर बसून रडले. बाळ गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि रडता रडता ते बाळाचंच रडू झालं. आत्यांना ते बरोबर कळलं. माझं डोकं छातीशी धरून त्या म्हणाल्या, "रड. तवाच रडायला पायजे व्हतंस. आमीच तुला कामाला लावली."

आत्या गावची खोली बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. बाजारातलं काम सोडलं. मी नको म्हणाले तर उत्तर आलं, "कांदं काय, दुसरी बी निवडंल कुनी."

आल्यावर त्या एकट्याच आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आल्या. यशवंतांना भांडायला जायचं होतं. त्यांना आत्यांनी घरी बसवलं. डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी बाटली ठेवून म्हणाल्या, "डॉक्टर, तुमी आमच्या वस्तीला देवमाणूस. पन ही गोळी देताना बाईला इचारा, तुला दुख कशाचं हाय." डॉक्टर त्यानंतर स्वतः आमच्या घरी आले. मला म्हणाले, "मला एवढं माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं." असं म्हणणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही.

घरी

दोन तल्लफवाल्या बायका दोन खोल्यांत राहिल्या की काय होतं ते यशवंतांना विचारा. आम्ही मीठ कमी पडलं यावरून भांडलो. दोरीवर कपडे कसे घालायचे यावरून भांडलो. एकदा आत्यांनी माझ्या अंगावर लाटणं उगारलं आणि मग स्वतःच हसत सुटल्या. "बघ, कशी करती ही तंबाखू! न्हाई तर म्या सुनंवर लाटणं उगारीन व्हय?"

तल्लफ आली की त्या ओरडायच्या, "आली गं!" मग आम्ही दोघी काहीतरी करायचो. शेंगा सोलायच्या, गोधडीला टाके घालायचे, प्रज्ञाला घेऊन पवनेच्या काठापर्यंत चालत जायचं. "वाऱ्यावाणी हाय ती," त्या म्हणायच्या. "अंगावर येती, पन थांबत न्हाई. तेवढी निभवायची." त्यांच्या हिरड्या दुखायच्या, डोकं ठणकायचं. तक्रार करायच्या, मनापासून आणि मोठ्यानं करायच्या, पण मिशेरीला बोट लावलं नाही.

असं मी समजत होते.

दीडेक महिना झाला असेल. एका दुपारी त्या शेजारच्या घरून आल्या आणि आत न येता उंबऱ्यावर बसल्या. चेहरा उतरलेला.

"काय झालं आत्या?"

"म्या लावली आज."

मला आधी कळलंच नाही.

"मिशेरी गं. त्या बाईनं डबी म्होरं केली, आन् माजं बोट गेलं. एकडाव न्हाई. दोनदा." त्यांचा आवाज फाटला. "तुला सांगायला लाज वाटती. पन न सांगता तुज्या ताटात कसं जेवू?"

एवढी ताठ बाई. यशवंतांचे वडील गेले तेव्हा लेकराला पाठीशी बांधून बाजारात उभी राहिलेली. कुणापुढे मान न वाकवलेली. आणि ती सुनेपुढे उंबऱ्यावर बसून आपली चूक सांगत होती, आणि तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मी आत गेले. शिलाई मशीनचा खण ओढला. अगदी तळाशी, बॉबिनच्या डब्याखाली, कागदाच्या पुडीत अकरा गोळ्या होत्या. हॉस्पिटलात जायच्या आधीच्या. घरी आल्यापासून मी त्यातली एकही घेतली नव्हती, पण रोज पुडी तिथं आहे की नाही ते बघत होते. ती आहे एवढ्या आधारावर माझा दिवस जायचा. आत्यांच्या दीडेक महिन्याच्या उपासात माझी ही चोरी चालू होती.

पुडी मी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्यांनी ती उघडून बघितली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठून जातील, चाकणला, कायमच्या. त्या म्हणाल्या, "खाल्लीस का ह्यातली?"

"नाही."

"मंग तू माज्यापरीस बरी. ऊठ."

मोरीत आम्ही दोघींनी गोळ्या दगडानं ठेचल्या आणि वर दोन बादल्या पाणी ओतलं. मग आत्यांनी राखेनं दात घासले, चांगले खसाखसा, आणि म्हणाल्या, "आजपासनं पुन्यांदा पहिला दिस. दोघींचा."

मला वाटतं, माझा आजार बरा व्हायला लागला तो त्या दुपारी. त्याआधी मी नुसती थांबले होते.

लीला

एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. ती सांगायची लाज वाटते म्हणून शेवटाला ठेवली.

गोळ्या चालू असताना माझ्या शेजारच्या टेबलावर लीला नावाची मुलगी बसायची. चाकणच्या पलीकडच्या शेतकरी घरातली, विशीची, नवी लागलेली. पर्मनंट व्हायचं म्हणून जिवाचा आटापिटा करायची, आणि तरी तिचा हात धीमा होता. एकदा ती रडकुंडीला आली तेव्हा मी माझ्या बाटलीतल्या दहा गोळ्या तिला दिल्या. "घे," म्हणाले. "डॉक्टरचंच औषध आहे. काही होत नाही." कुठल्या दुकानात चिठ्ठी न बघता मिळतात तेही सांगितलं.

रजा संपवून मी कामावर गेले. पहिल्या दिवशी माझं काम पूर्वीच्या निम्म्यावर आलं. सुपरवायझर दुसऱ्या लाइनीवरच्या मुलींना आता माझ्या टेबलाशी नव्हे, लीलाच्या टेबलाशी आणत होते. तिचे हात भिंगाखाली उडत होते. गाल बसलेले, ओठ सुकलेले. लांब बाह्या.

जेवायच्या सुट्टीत मी तिला गाठलं. सगळं सांगितलं. तिनं डबा बंद केला. "ताई, तुम्हाला सोसलं नाही, म्हणून मीही सोडायची? माझी पर्मनंटची ऑर्डर यायचीय. आता नका सांगू मला."

घरी येऊन मी आत्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, यावर तरी त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "कंपनीत सांगून कुनी ऐकत न्हाई. तिच्या घरी जायचं. म्या येते."

पुढच्या गुरुवारी आम्ही एसटीनं गेलो. फाट्यावर उतरून चालत घर गाठलं. लीला गोठा झाडत होती. मला बघून तिचा झाडू थांबला. तिच्या आईनं मात्र हात धरून ओसरीवर नेलं. चटई टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. कंपनीतली मोठी बाई आपल्या घरी आली याचा तिला कोण आनंद झाला होता!

"आमची लीला तुमचं लई नाव घेती," ती म्हणाली. "आन् पोरीत काय बळ आलंय म्हणून सांगू! कंपनी करून येती, वर शेतातलं करती, भाकऱ्या थापती. पोटाला तर काय लागतच न्हाई तिला. दहा बायांचं काम एकटी करती बगा."

दाराशी लीला उभी होती. तिच्या डोळ्यांत एकच विनवणी होती. बोलू नका.

मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी मला खूण केली नाही, कोपर मारलं नाही. नुसत्या माझ्या शेजारी बसून राहिल्या.

"काकू," मी म्हणाले, "ते बळ लीलाचं नाही. ते गोळीचं आहे. आणि ती गोळी तिला मी दिली."

मग मी सगळं सांगितलं. तांदळाचं ताट, प्रज्ञाच्या हातावरचे फटके, सात नंबरची खाट, सगळं. बाही वर करून हातावरचे वण दाखवले. चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही. लीलाची आई माझ्याकडे बघत होती, आणि त्या नजरेत आता पाहुणीचा मान राहिला नव्हता. शेवटी ती एवढंच म्हणाली, "आमी तुमच्या भरवशावर पोर धाडली व्हती."

"व्हय," उत्तर आत्यांनी दिलं. "म्हणूनच ती आलीया."

आम्ही उठलो. थांबा असं कुणी म्हणालं नाही. फाट्यापर्यंत लीला आमच्या मागून चालत आली, दहा पावलं अंतर ठेवून. आम्ही बाभळीखाली उभ्या राहिलो, तीही राहिली. मान फिरवून रस्त्याकडे बघत होती. मला वाटलं, आमची एसटी गेली याची खात्री करायला आली असेल.

एसटी आली. धूळ उडवत थांबली. मी एक पाय पायरीवर ठेवला तेव्हा मागून लीलाचा आवाज आला.

"ताई, सोडल्यावर पहिले किती दिवस झोप येते?"

कंडक्टर म्हणाला, "चला बाई, चढा लवकर." मी पाय खाली घेतला.

"पाच-सहा दिवस," मी म्हणाले. "मी येऊन बसेन तुझ्यापाशी."

आत्यांनी कंडक्टरला हात केला. "जाऊ द्या तुमची गाडी. आमी मागनं येतो."